पट ४१, रजिस्टरं ११ : आमच्या मनपा शाळेतली मुलं आली कुठून, गेली कुठे?

खाकीपाकीट

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखू येईल त्यांनीही मनातच ठेवावं. उत्तर नागपुरातली, इतवारी स्टेशनावरून पायी जाता येईल अशी महापालिकेची मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी. मी तिथलाच विद्यार्थी. पुढे पोस्टात छत्तीस वर्षं सॉर्टिंग केलं, निवृत्त झालो, आणि दोन वर्षांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीत मला 'शिक्षणप्रेमी' म्हणून घेतलं. प्रेमाचं सोडा, घर शाळेसमोर आहे आणि दुपारी मोकळा असतो, एवढीच माझी पात्रता.

मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या कपाटाला वाळवी लागली. आत दाखल-खारीज, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची, रजिस्टरं होती, ११. पहिलं १९३१ चं. प्रभारी मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, काका, तुमचं अक्षर चांगलं आहे, निदान अनुक्रमणिका तरी करून द्या. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे सहा आठवडे मिळाले. कूलरसमोर बसून पान न् पान पाहिलं. पोस्टातली सवय अशी की नावाआधी पत्ता वाचायचा. म्हणून माझं लक्ष मुलांच्या नावांपेक्षा जन्मस्थळ, पालकाचा धंदा, प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यांवरच राहिलं.

पहिल्या तीन रजिस्टरांत धंद्याच्या रकान्यात 'विणकाम' आणि 'गिरणी' हे दोन शब्द खाली खाली उतरत जातात. गिरणी म्हणजे नागपूरची एम्प्रेस कापडगिरणी, १८७७ सालची. मधूनच 'बिडी', 'हमाली'. जातीच्या रकान्यात कोष्टी, हलबा, महार, तेली, कुणबी. १९५६ च्या दसऱ्यानंतरच्या पानांवर 'बौद्ध' येऊ लागतं. दोन-तीन ठिकाणी आधी दुसरं काही लिहून, ते खोडून, वर 'बौद्ध' लिहिलंय. पालकाने तिथेच उभं राहून दुरुस्त करून घेतलं असणार. सोडण्याचं कारण बहुतेक वेळा 'कामावर जातो' किंवा 'सतत गैरहजर'. 'मयत'सुद्धा बरेच वेळा आहे. तिथे मी दर वेळी थांबलो.

माझ्या वेळी शाळा दोन पाळ्यांत भरायची. नव्वदच्या दशकात कारणाच्या रकान्यात 'दुसऱ्या शाळेत' वाढत जातं, आणि एका मास्तरांनी तर सरळ 'कॉन्व्हेंट' लिहिलंय. (बाहेरच्यांसाठी : नागपुरात इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग तिथे नन असो की नसो, शाळा गॅरेजात का भरेना.) एम्प्रेस २००२ मध्ये कायमची बंद झाली, तोवर रजिस्टरात 'गिरणी' शब्दच उरला नव्हता.

आता शेवटचं रजिस्टर. जन्मस्थळ : लांजी, बैहर, डोंगरगड, कवर्धा, मंडला. हे पत्ते मी आयुष्यभर गोंदियापलीकडच्या थैलीत टाकले. आज पटावर ४१ मुलं आहेत, त्यांतली २६ मध्य प्रदेशातल्या बालाघाट-मंडल्याची किंवा छत्तीसगडची. आईबाप बांधकामावर, कळमन्याच्या बाजारात, नाहीतर शहराबाहेरच्या विटाभट्ट्यांवर.

इथेच मला जे दिसलं ते विचारायला हा धागा. या मुलांच्या प्रवेशाच्या तारखा बघितल्या तर बहुतेक दिवाळीनंतरच्या आहेत. धान कापून झालं की कुटुंब निघतं, भट्टी पेटते तेव्हा येतं, आणि होळीच्या आसपास किंवा भट्टी थंडावली की परत जातं. गेल्या जानेवारीत हजेरीपटावर ६३ मुलं होती. पण संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती द्यायचे ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन. म्हणजे सप्टेंबरात आमची शाळा दोन शिक्षकांची, जानेवारीत तीन शिक्षकांची, आणि शिक्षक बाराही महिने दोन.

यंदा 'इतक्या कमी पटाची शाळा पलीकडच्या शाळेत मिसळू' असं तोंडी बोललं जातंय. कागद नाही. पलीकडची शाळा रुळांच्या पलीकडे आहे. तुमच्या भागात असं काही आहे का? रकाने कुणी बघितलेत का?

तर्रीवाला

काका, लय भारी लिवलं. आमच्या वर्गात सत्तर पोट्टे होते, एका बाकावर चार, अन् पाचवा गुर्जींच्या टेबलाखाली. आता खोल्या जास्त अन् पोट्टे कमी.

पण एक गोष्ट सांगू? तुमच्या रजिस्टरात 'कॉन्व्हेंट' लिवणारे मास्तर खरं लिवून गेले. आपणच काढले ना पोट्टे. माहे दोन्ही तिकडेच हायेत. फी भरून भरून कंबर मोडली, पण काढून राहिलो का? नाई. त्यामुळं मी तं या धाग्यावर लाजतच बसतो, दोन प्लेट पोहे खाऊन.

आकडेमोडे

धागाकर्त्यांचं निरीक्षण चांगलं आहे, पण एका शाळेवरून शहराचा निष्कर्ष काढू नये. दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली, मुलंच कमी जन्मतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आला. बाईमागे दोन मुलंसुद्धा नाहीत. नागपूर शहराची लोकसंख्या २००१ मध्ये २०,५२,०६६ आणि २०११ मध्ये २४,०५,६६५. शहर वाढलं ते कडेने. जुन्या वस्तीत घरं तीच, म्हातारे तेच, लेकरं बेसा-मानेवाड्याकडच्या फ्लॅटमध्ये. इंग्रजी शाळा उघडली नसती तरी जुन्या पेठांतला पट घटलाच असता. हे कुणी बोलत नाही, कारण यात शिव्या कुणाला द्यायच्या ते कळत नाही.

दुसरी, ही तुमची एकट्याची गोष्ट नाही. समूह शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याची, चर्चा २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३ असल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. ४१ चा पट त्या मानाने श्रीमंत म्हणायचा.

मुलं-मुली किती ते लिहिलं नाही. तेवढं सांगा.

खाकीपाकीट

@आकडेमोडे, ४१ पैकी २७ मुली. तुम्ही विचारलं म्हणून बाईंना विचारून आलो. स्थानिक १५ मुलांत तर ११ मुली आहेत. त्यांतल्या चौघींचे भाऊ कॉन्व्हेंटात जातात. सकाळी एकाच दारातून दोघं निघतात, तो रिक्षात बसतो आणि ती रस्ता ओलांडून आमच्याकडे येते. माझ्या खिडकीतून रोज दिसतं. जुन्या रजिस्टरांत उलटं होतं. १९३१ ते ४५ पर्यंत मुलीचं नाव शोधावं लागतं.

दहाबायदहा

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदा लिहितेय.

तर्रीवाले दादा लाजतात ते ठीक, मी लाजत नाही. माझे मिस्टर ऑटो चालवतात. मुलगी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून लॉटरीत लागली, घरापासून पाऊण किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत. पहिल्या यादीत नाव नव्हतं, वेटिंगमध्ये लागलं, त्या दिवशी आमच्या खोलीत जिलेबी आली. मनपाच्या शाळेतले मास्तर वाईट आहेत म्हणून नाही पाठवलं. एक बाई पहिली-दुसरी-तिसरी एकत्र शिकवते, आणि निवडणूक आली की तीसुद्धा नसते. हे मी स्वतः तिथे शिकले म्हणून सांगतेय.

२०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम काढला होता आठवतं का? एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के द्यायची गरज नाही. नागपुरात गल्लीगल्लीत मनपाची शाळा आहे, म्हणजे इथे आरटीई संपलंच होतं. आमच्या वस्तीतल्या बायका रडकुंडीला आल्या होत्या. मग हायकोर्टाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो नियमच रद्द केला. त्या वेळी लोक म्हणत होते की मनपा शाळा वाचवायला हा नियम हवा. म्हणजे शाळा वाचवायचं काम गरिबाच्या पोरांनी करायचं, आणि बाकीच्यांनी फेसबुकवर.

तर्रीवाला

ताई, हाव. बरोबर बोल्ल्या. मीच तो फेसबुकवाला.

आकडेमोडे

@दहाबायदहा, पटलं. फक्त एक भर : २५ टक्क्यांतून जाणारी मुलं प्रवेशाच्या वर्गातच जातात, आणि ती बहुतेक स्थानिक, कागदपत्रं पूर्ण असलेली. रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, ऑनलाइन अर्ज. विटाभट्टीवरच्या कुटुंबाकडे यातलं काहीच नसतं. म्हणजे एक दार कागदवाल्यांना बाहेर नेतं आणि दुसऱ्या दाराने बिनकागदवाले आत येतात. काकांच्या ४१ मध्ये २६ बाहेरचे का, याचं निम्मं उत्तर इथे असावं.

फळाखडू

मी मनपा शाळेत शिक्षक आहे, दुसऱ्या झोनमध्ये. नाव-गाव विचारू नका.

काकांनी पटाबद्दल लिहिलं, मी पटाच्या पापाबद्दल लिहितो. २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्यभर पटपडताळणी झाली. बाहेरच्या खात्यातली माणसं शाळेत आली, मुलं मोजली, बोटाला शाई लावली. मतदानासारखी, म्हणजे तेच पोर दुपारी दुसऱ्या शाळेत मोजायला उभं करता येऊ नये. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. आदल्या रात्री एका ज्येष्ठ सरांना झोप लागली नव्हती. कारण तुम्ही समजा. तुकडी वाचली तर नोकरी वाचते, आणि नोकरी वाचवायला हजेरीत नावं 'चालू' ठेवली जायची. ही आमच्याच लोकांनी केलेली गोष्ट आहे, नाकारून काय होणार.

पण त्या पडताळणीनंतर सगळी यंत्रणा एकाच भुताच्या मागे लागली : पटावर आहे पण बाकावर नाही, असं पोर. आधी मुलांची ऑनलाइन नोंद ठेवणारं सरल आलं, मग आधार जोडणी, मग आधार वैध असलेलीच मुलं संचमान्यतेत धरायची असं आलं. काकांच्या शाळेचा रोग त्याच्या उलटा आहे : बाकावर आहे पण पटावर नाही. त्या रोगाला आमच्याकडे रकानाच नाही.

आता कारभार कसा चालतो ते सांगतो. नोव्हेंबरात एक बाप दोन लेकरं घेऊन येतो. दाखला नाही. कायद्याने अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. वयाचा पुरावा नसला तरी नाही. आम्ही बसवतो. वयानुसार वर्गात बसवायचं, म्हणून नऊ वर्षांची पोरगी चौथीत बसते, तिला क-ख-ग येत नसलं तरी. मग यू-डायसवर, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या ऑनलाइन नोंदीत, नाव चढवायचं. तिकडच्या शाळेने तिला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे सोडून गेलेल्यांच्या यादीत, टाकलं असेल तर पेन नंबर (प्रत्येक मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक) आणि जन्मतारीख घालून खेचून घेता येतं. टाकलं नसेल तर ती तिकडच्या पटावर राहते आणि आमच्या बाकावर. आधारवरची जन्मतारीख बहुतेकांची १ जानेवारी. मास्तरांनी तिकडे ३ जुलै लिहिलेली असते. झाला मिसमॅच.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, शिक्षण हमी कार्ड असतं : जाताना कार्ड घेऊन जा, तिकडच्या शाळेत दाखवा, परत या. कागदावर तरी असतं. पण हे सगळं राज्याच्या आत. गोंदिया ओलांडून आलेल्या पोराला कसली हमी आणि कसलं कार्ड.

मुठाकाठी

पुण्याहून वाचतोय. धागा उत्तम. दोन बाळबोध शंका.

१. ही मुलं घरी हिंदी किंवा छत्तीसगडी बोलतात ना? मग मराठी शाळेत कशी? नागपूर मनपाच्या हिंदी माध्यमाच्या शाळाही आहेत असं ऐकलंय.

२. शाळा वाचवायची तर सेमी इंग्रजी का करत नाहीत? आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांनी असा पट वाढवलाय.

खाकीपाकीट

१. आहेत. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशी चारही माध्यमं मनपाची आहेत. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी इथे पाहुणी नाही. पण सात वर्षांच्या पोराला शाळा कोणत्या माध्यमाची यापेक्षा रस्ता कुठला ओलांडावा लागतो ते महत्त्वाचं. हिंदी शाळा रुळांपलीकडे आहे. आई सकाळी आठला मजुरांच्या ठिय्यावर जाते, सोडायला कोण जाणार? त्यामुळे जी जवळ ती शाळा. सरकारी नियमातही पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असंच आहे.

भाषेची एक गंमत सांगतो. गेल्या वर्षी पहिलीत एक पोरगी आली, कवर्ध्याकडची. बाईंनी चित्र दाखवलं, हा मोर. पोरगी चित्राला हात लावायला तयार नाही. बाई पुन्हा म्हणाल्या, मोर. ती मागे सरकली. दोन दिवसांनी उलगडा झाला : छत्तीसगडीत 'मोर' म्हणजे 'माझं'. बाई चित्र धरून 'माझं, माझं' म्हणतायत, आपण कशाला हात लावावा! ती आता दुसरीत आहे आणि इतकं अस्सल नागपुरी बोलते की माझा नातू तिच्याकडून चार शब्द शिकून आला आणि त्याच्या आईचा मार खाल्ला.

२०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घेतला, त्या गदारोळात आमच्या बाई एवढंच म्हणाल्या : माझ्या वर्गात हिंदी शिकवायची गरज नाही, ती पोरंच मला शिकवतात.

२. सेमी करून पाहिलं. गणित इंग्रजीतून शिकवायला जे सर आले त्यांची दुसऱ्या वर्षी बदली झाली. आणि २०२१ पासून मनपाने सहा विधानसभा मतदारसंघांत एकेक इंग्रजी शाळा काढल्या. आमच्या चार मुली तिकडे गेल्या, चांगलं चाललंय त्यांचं. मनपाच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात. पट मात्र आमचा कमी झाला.

विणकर_४था

विषय थोडा वेगळा आहे, पण काकांनी १९३१ चं रजिस्टर म्हटल्याबरोबर बसल्या जागी उठलो.

माझे आजेसासरे याच भागातले, विणकर. घरात जात पडताळणीचं प्रकरण चालू आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. हलब्यांची गोष्ट नागपुरात कुणाला सांगायला नको. सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २००० चा मिलिंद निकाल आला (हलबा-कोष्टी म्हणजे अनुसूचित जमातीतले हलबा नव्हेत) आणि अर्ध्या गोळीबार चौकाची झोप गेली. मला निकालावर वाद घालायचा नाही. पण आजेसासऱ्यांनी बहुधा तुमच्याच शाळेत दोन-तीन इयत्ता केल्या. त्यांची नोंद बघता येईल का? रकान्यात जे असेल ते असू दे. काय आहे ते एकदा कळू तरी दे.

खाकीपाकीट

हे अवांतर नाही, हाच माझ्या धाग्याचा दुसरा अर्धा भाग आहे. मीच लिहायला विसरलो.

आमच्या शाळेत मुलं ४१, पण वर्षभरात रजिस्टर बघायला येणारी माणसं त्याहून जास्त. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. या चार तारखा बाईंनी खडूने कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवल्यात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा तर दोन कर्मचारी आठवडाभर इथेच बसले होते, त्यांना चहा माझ्या घरून जायचा. आजोबांनी दुसरीत शाळा सोडली, 'सतत गैरहजर' असा शेरा आहे, आणि नातवाचं मेडिकलचं ॲडमिशन त्या ओळीवर अडलंय. असे तिघं मी स्वतः बघितले.

शाळा मिसळली तर ही रजिस्टरं कुठे जातील, हे मी विचारलं होतं. 'जिकडे शाळा जाईल तिकडे' असं उत्तर मिळालं. तिकडे कपाट आहे का, हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं नाही. वाळवीचा विषय मी काढलाच नाही.

तुम्ही सकाळी अकराच्या आत या, शनिवार सोडून. आजेसासऱ्यांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि अंदाजे जन्मसाल आणा. आडनावावर जाऊ नका, त्या काळी अर्ध्या नोंदींत आडनावच नाही. मी अनुक्रमणिका वडिलांच्या नावानेही केली आहे. प्रत मात्र बाईच देतील, अर्ज लिहून द्यावा लागेल.

दहाबायदहा

काका, एक विचारू का? दिवाळीनंतर जी मुलं येतात त्यांना खिचडी मिळते का? पटावर नाव नसलं तर तांदूळ येतो का?

फळाखडू

@दहाबायदहा ताई, मी सांगतो. पाचवीपर्यंत मुलामागे रोजचा १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, आणि शहरात बहुतेक ठिकाणी आहार बाहेर शिजून डब्यात येतो. डबे उपस्थितीच्या आकड्यावर येतात. नवीन पोरं आली की दोन-तीन दिवस आकड्यात येत नाहीत, तेव्हा आहे त्यात वाढून देतो. उपाशी कुणी राहत नाही. पण कागदावर ४१ आणि पत्रावळी ६० हे लिहून दाखवता येत नाही, त्यामुळे दुरुस्ती लगेच करावी लागते. गंमत बघा, खिचडीचा आकडा रोज बदलू शकतो, शिक्षकाचा वर्षातून एकदाच.

आकडेमोडे

हे शेवटचं वाक्य धाग्याचं मर्म आहे. काका, एक व्यावहारिक सूचना. ३० सप्टेंबरची तारीख तुम्ही-आम्ही बदलू शकत नाही. पण समितीच्या ठरावात गेल्या पाच वर्षांची महिनावार हजेरी लावा. जून ते एप्रिल, प्रत्येक महिन्याची शेवटच्या दिवसाची संख्या, एवढंच, एका पानावर. मिसळण्याचा प्रस्ताव कागदावर आला तर त्याला उत्तर कागदच देईल. आलेख मी काढून देतो.

तर्रीवाला

अन् मी ते पान लॅमिनेट करून आणतो, वाळवीचा बाप आला तरी खाणार नाई.

मुठाकाठी भाऊ, तुमच्या सेमीवरून आठवलं. आमच्या गल्लीतल्या एका शाळेनं भिंतीवर 'डिजिटल स्कूल' रंगवलं, आत जाऊन पाह्यलं तं मीटरच कापलेलं. अवांतराबद्दल माफी.

खाकीपाकीट

@आकडेमोडे, महिनावार आकडे काढले, पाच वर्षांचे. तुम्हाला निरोपात पाठवलेत. जुन्या हजेऱ्या बाईंच्या घरी होत्या, एक माळ्यावर. एका वर्षाच्या फेब्रुवारीचं पान उंदराने खाल्लंय, तिथे रेघ ओढली आहे, अंदाजे आकडा टाकलेला नाही.

विणकर_४था येऊन गेले. नोंद सापडली, चौथ्या रजिस्टरात, १९३८. रकान्यात काय लिहिलंय ते त्यांनाच सांगू द्या, तो त्यांच्या घरचा विषय आहे.

विणकर_४था

आता इतकंच सांगतो, धंद्याच्या रकान्यात 'विणकाम' आहे आणि शेऱ्यात 'अक्षर सुंदर'. घरी सगळ्यांनी तो फोटो मोबाईलवर ठेवलाय. जातीच्या रकान्याचं वकील बघतायत.

काका, चहासाठी धन्यवाद. काकूंना नमस्कार.

खाकीपाकीट

दिवाळी झाली. सोमवारी शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी आली, तीन भावंडं, गोंदियाच्या गाडीतून इतवारीला उतरून सरळ. बापाच्या हातात पिशवी, पिशवीत आधार कार्डं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. गेल्या वर्षी याच भट्टीवर असलेल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की स्टेशनाजवळची शाळा बसवून घेते. मोठी दहा वर्षांची, मधला आठचा, धाकटी सहाची, ती दाराला धरून उभी.

बाईंनी तिघांना बसवलं. यू-डायसवर खेचायला तिकडच्या शाळेचं नाव हवं. बाप म्हणतो, शाळा टेकडीवर आहे, बाजूला शिवाचं देऊळ आहे, गुरुजी मोटारसायकलवर येतात. गाव लांजी तहसीलीतलं. नाव सांगतो, पण त्या नावाची यादीत तीन गावं निघतात. मोठीला पेन नंबर विचारला तर तिने दप्तरातून पेन काढून दिलं.

बालाघाट जिल्ह्यात, लांजीकडे कुणाची ओळख आहे का?

तर्रीवाला

काका, माही धाकटी बहीण लांजीलाच देली हाय, भावजींचं किराणा दुकान हाय बसस्टँडवर. गावाचं नाव अन् पोट्ट्यांच्या बापाचं नाव टाका निरोपात. टेकडीवरचं शिवाचं देऊळ म्हणता ना, भावजी उद्याच गाडी काढते.